टांकसाळीची खूण कशी वाचायची: ऐरोलीच्या डब्यातल्या नाण्यांबद्दल

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलं आहे. सासरे गेल्यावर त्यांच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, त्यात बरीच जुनी नाणी आहेत. त्यातल्या १९८५ च्या एक रुपयावर सालाखाली इंग्रजी ‘एच’ आहे आणि मोबाइलवरच्या एका व्हिडिओत त्याची किंमत लाखांत सांगितली आहे. पन्नास पैशांच्या काही नाण्यांवर तारा आहे, काहींवर काहीच नाही. राजाच्या मुखवट्याचा १९१८ चा चांदीचा रुपया त्यांनी ठाण्यात एका खरेदीदाराला दाखवला. त्याने “खूण नाही, म्हणजे कलकत्ता, किंमत कमी” असं म्हणून भाव पाडला. राणीछाप १८६२ चा एक रुपया आहे, त्याला कडी लावलेली आहे. वाघाचा १९४७ चा रुपया आहे. आणि शेवटी विचारलं आहे की नाणी काळी पडली आहेत, चिंच लावून घासली तर खुणा स्पष्ट दिसतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला उशीर झाला तर बाकी उत्तरांना अर्थ उरणार नाही. ताई, एकही नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पूड नको, दंतमंजन तर नकोच. चांदीवरचा काळपट थर नाण्याला इजा करत नाही. घासण्याने मात्र पृष्ठभागावर बारीक रेघा उठतात आणि उठावाच्या कडा बोथट होतात. टांकसाळीची खूण, म्हणजे नाणं कुठे पाडलं हे सांगणारं चिन्ह, हा नाण्यावरचा सगळ्यात बारीक उठाव असतो, त्यामुळे घासताना पहिला बळी त्या खुणेचाच जातो. फार मळ असेल तर नाणं डिस्टिल्ड पाण्यात काही तास ठेवा, मऊ सुती कापडावर टिपून घ्या, पुसू नका. एवढं पुरे.

आता खुणांकडे. माझं म्हणणं एकच आहे आणि बाकी सगळं त्याच्यातूनच येतं: खूण एकटी वाचायची नसते. ती नाण्यावर कुठे आहे, तिचा आकार काय, साल कोणतं आणि धातू कोणता, या चार गोष्टी एकत्र जुळल्या तरच टांकसाळ ठरते. नुसता तारा दिसला की हैदराबाद आणि नुसता ठिपका दिसला की नोएडा, असं पाठ करणारे लोक रोज फसतात.

भारतात आज सरकारी टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. चलनातल्या नाण्यांवर सालाच्या खाली मधोमध बघायचं. पत्त्यांतल्या चौकटसारखा छोटा आकार म्हणजे मुंबई, पाच टोकांचा तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नाही म्हणजे कोलकाता. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गडबड याच्या पुढे सुरू होते.

पहिली गोष्ट म्हणजे हैदराबादची खूण पूर्वीपासून तारा नव्हती. १९५० च्या दशकातल्या हैदराबादच्या नाण्यांवर मधून दुभंगलेली चौकट आहे, त्यानंतर चौकटीत ठिपका आला, आणि तारा त्याही नंतर स्थिरावला. नव्या पैशांच्या काळातल्या नाण्यांवर ही चौकट झिजली की ती मुंबईची वाटते. भिंगाखाली मधली फट किंवा ठिपका शोधावा लागतो. मी अशा नाण्याला कधीही एका नजरेत निकाल देत नाही. त्याच सालाचं नक्की मुंबईचं नाणं शेजारी ठेवतो आणि दोन्ही चौकटींची रुंदी पडताळतो.

दुसरी गोष्ट नोएडाची. ही टांकसाळ १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. म्हणजे तुमच्या डब्यातल्या १९७५ च्या नाण्यावर ठिपका दिसला, तर तो नोएडाचा असूच शकत नाही. मग तो झिजलेला तारा असेल, झिजलेली चौकट असेल, किंवा ठशावर (ज्या साच्याने नाणं पाडतात त्यावर) कण चिकटल्यामुळे वा ठसा चिरल्यामुळे उठलेला धातू असेल. तारा झिजताना आधी टोकं जातात आणि मधला गड्डा राहतो, तो थेट ठिपक्यासारखा दिसतो. पण प्रकाश तिरका पाडला की त्या गड्ड्याच्या भोवती पाच ठिकाणी हलके खांदे दिसतात. चौकटीला ते चार असतात आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असतात.

तिसरी गोष्ट तुमच्या ‘एच’शी संबंधित आहे. चलनाची मागणी आपल्या टांकसाळींना पुरेनाशी झाली तेव्हा भारत सरकारने काही नाणी परदेशात पाडून घेतली. १९८५ च्या तांबे-निकेलच्या एक रुपयावरचा ‘एच’ हा बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा आहे. त्याच सालचा रुपया वेल्समधल्या लॅन्ट्रिसंटच्या रॉयल मिंटनेही पाडला, आणि त्यांची खूण चौकट आहे! फक्त ती मधोमध नाही, सालाच्या पहिल्या अंकाखाली आहे. म्हणजे १९८५ चा रुपया हातात घेतल्यावर चौकट दिसली एवढ्यावर ‘मुंबई’ म्हणून चालत नाही. ती ‘१’ च्या खाली आहे की मधोमध, हे बघावं लागतं. कोरियात पाडलेल्या भारतीय नाण्यांवरही ताराच आहे, पण तो सालाच्या पहिल्या किंवा शेवटच्या अंकाखाली असतो. तुमच्या पन्नास पैशांपैकी १९८५ चं एखादं असेल तर तारा नेमका कुठे आहे ते बघून मला कळवा. कॅनडातल्या ओटावाची खूण ‘सी’ आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोत पाडलेल्या नाण्यांवर ‘एम’ आणि त्याच्यावर बारीक ‘ओ’ असतो. स्लोव्हाकियातल्या क्रेम्नित्साची खूण ‘एमके’ आहे. मॉस्कोच्या नाण्यांवर रशियन लिपीतली तीन अक्षरं असतात.

आता किमतीचं. परदेशात पाडलं म्हणजे दुर्मीळ, हा समज पसरवला गेला आहे. पण सरकारने ही नाणी परदेशातून मागवली ती तुटवडा होता म्हणून, म्हणजेच मोठ्या संख्येने. १९८५ चा ‘एच’ रुपया अजूनही किराणा दुकानांच्या गल्ल्यातून आणि देवळांच्या दानपेट्यांतून निघतो. वापरलेल्या अवस्थेतल्या अशा रुपयाला संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा थोडेच जास्त देतात. न वापरलेलं, मूळ चकाकी असलेलं नाणं असेल तर जरा बरं. लाख कुठेच नाहीत. “आधी नोंदणी शुल्क भरा, कमिशन भरा, मग खरेदीदार येईल” असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारासाठी आम्ही कोणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आमच्या वतीने तसं करायला कोणालाही अधिकार दिलेला नाही. ठाणे, कळवा, ऐरोली पट्ट्यातली ज्येष्ठ मंडळी या जाळ्यात सापडताना मी पाहिली आहेत. माणसं पैसे गमावतात आणि लाजेने घरी सांगतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

एक आणखी खूण लोकांना बुचकळ्यात टाकते. मुंबईच्या संग्राहकांसाठीच्या प्रूफ नाण्यांवर चौकट नसते. गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ पासून त्यांवर ‘बी’ आहे आणि १९९६ पासून ‘एम’. ही नाणी आरशासारख्या पृष्ठभागाची असतात. मात्र कोणी डबी फोडून खर्चायला काढली असतील तर ती चलनात मिसळलेलीही सापडतात.

आता चांदीकडे येऊ, कारण तुमच्या डब्यात खरं वजन तिथे आहे. १९१८ च्या राजाछाप रुपयाच्या बाबतीत त्या खरेदीदाराने अर्धं बरोबर सांगितलं. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण सालाखाली शोधायची नसते. मूल्याची बाजू सरळ धरा, म्हणजे ‘वन रुपी’ ही अक्षरं वाचता येतील अशी. भोवती फुलापानांची नक्षी आहे, तिच्या अगदी तळाशी कमळ आहे. त्या कमळाच्या खालच्या मोकळ्या जागेत एक बारीक उठावाचा ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. हा ठिपका कडेच्या अगदी जवळ आहे, म्हणून वापरात पहिला घासला जातो आणि तिथेच मळही साचतो. तुमचं नाणं काळं आहे. ठिपका मळाखाली आहे की मुळात नाही, हे पाण्यात ठेवून, भिंगाखाली बघितल्याशिवाय त्या खरेदीदाराला तरी कसं कळलं?

आणि समजा ते कलकत्त्याचंच निघालं, तरी किंमत कमी का? १९१८ साली मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळी रात्रंदिवस रुपये पाडत होत्या. महायुद्धामुळे रुपयाची मागणी एवढी वाढली होती की चांदी कमी पडली. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानला विकली. त्याच वर्षी मुंबईत ब्रिटनच्या रॉयल मिंटची शाखा उघडून सोन्याचे सॉव्हरिन पाडले गेले. त्यांवर हिंदुस्थानासाठी ‘आय’ हे अक्षर आहे, जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या वर मधोमध. असा सॉव्हरिन कोणाच्या घरी असेल तर त्याची खूण नक्की बघा, मुंबईच्या त्या शाखेने सालाच्या १९१८ या एकाच आकड्याचे सॉव्हरिन पाडले. रुपयाच्या बाबतीत मात्र दोन्ही टांकसाळींची संख्या इतकी प्रचंड आहे की साधारण अवस्थेतल्या नाण्यात ठिपका असण्या-नसण्याने भावात फरक पडायला नको. किमान त्यातली चांदी तरी तुमची आहे. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा असतो आणि चांदी ९१.७ टक्के. जांभळी नाक्यावरच्या कोणत्याही सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या. झिजेने थोडं कमी भरेल. पण अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक असेल आणि नाणं फारसं झिजलेलं नसेल तर संशय घ्यावा.

पंचम जॉर्जबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण डब्यात १९११ चा रुपया असला तर तुम्हाला माहीत हवं. त्या साली राजाच्या झग्यावरच्या मानाच्या साखळीतला हत्ती असा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेऊन बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड, कान नीट कोरले. त्यामुळे १९११ चा रुपया दोन्ही टांकसाळींचा कमीच सापडतो. हे नाणं बाजूला ठेवा आणि कोणालाही घाईने देऊ नका.

सातव्या एडवर्डच्या रुपयावर ठिपका शोधू नका. तिथे मुंबईसाठी तळच्या फुलात खोल कोरलेला ‘बी’ आहे. राणीच्या काळातल्या नाण्यांवर ‘बी’ कधी उठावाचा, कधी खोलगट आहे, आणि कलकत्त्याचा ‘सी’ही काही नाण्यांवर येतो. इथे एक कसोटी सांगतो, ती फार उपयोगाची आहे. खोलगट अक्षर टांकसाळीत ठशातूनच आलेलं असेल तर त्याच्या भोवतीचा पृष्ठभाग सपाट आणि शांत असतो. नंतर कोणी कोरणीने अक्षर काढलं असेल तर धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडेला बारीक बांध उभा राहतो. दहापट भिंगाखाली, तिरक्या उजेडात तो बांध लगेच दिसतो. उठावाचं अक्षर चिकटवलेलं असेल तर त्याच्या पायाशी रेघ किंवा वेगळ्या रंगाचा धातू दिसतो. लाहोर टांकसाळीचा ‘एल’ याच कसोटीवर तपासावा. ती टांकसाळ १९४३ मध्ये सुरू झाली, आणि त्या काळच्या अर्ध्या रुपयावर व पावलीवर ‘एल’ येतो. १९४३ च्या आधीच्या नाण्यावर लाहोरचा ‘एल’ दाखवला तर ते बनावट समजा.

तुमचा १८६२ चा रुपया या सगळ्यात मला सर्वांत गोड वाटतो. त्याच्यावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असेल. ‘एम्प्रेस’ हा किताब १८७७ पासूनचा. या रुपयाचं साल फसवं आहे. १८६२ हा आकडा ठशावर तसाच ठेवून पुढची कित्येक वर्षं रुपये पाडले गेले, १८७४ पासून खरं साल येऊ लागलं. मग कोणत्या वर्षी पाडला हे कसं कळणार? मुंबईने त्यासाठी ठिपके वापरले. मागच्या बाजूला सालाच्या खाली आणि वरच्या फुलाजवळ किती ठिपके आहेत, त्यांच्या जोडीवर वर्ष ठरतं. त्यातच राणीच्या मुखवट्याचे दोन-तीन प्रकार आणि नक्षीचे दोन प्रकार मिसळतात, त्यामुळे या एका ‘सालाचे’ पुष्कळ प्रकार होतात. काही साधे, काही खरोखर विरळ. ठिपके मोजताना वर किती आणि खाली किती, हे वेगवेगळं लिहून ठेवा. सगळे एकत्र मोजले तर त्या आकड्याचा उपयोग नाही. आणि हे ठिपके नक्षीच्या पाकळ्यांच्या टोकांशी गल्लत होण्याइतके बारीक असतात, म्हणून मी नेहमी फोटो मोठा करून मोजतो.

त्याला लावलेल्या कडीबद्दल. राणीछाप रुपये माळेत ओवायची, देव्हाऱ्यात ठेवायची रीत आपल्याकडे घरोघरी होती, त्यामुळे कडी लावलेली नाणी खूप येतात. कडी झाळलेली असेल तर नाण्याची संग्रहाची किंमत बरीच उतरते, पण ती काढायला कोणाकडे देऊ नका. उष्णता लागली की कड वितळते आणि मग ते ना दागिना राहतं, ना नाणं. कडी वरच्या बाजूला असेल तर वरच्या फुलाजवळचे ठिपके त्या झाळाखाली गेले असतील. तेव्हा फक्त खालचे ठिपके बघून प्रकार ठरवू नका, ‘वरचे दिसत नाहीत’ असं स्पष्ट लिहा.

१९४७ च्या वाघाच्या रुपयाला चुंबक लावा. तो शुद्ध निकेलचा आहे, चिकटायलाच हवा. चिकटला नाही तर तो खरा नाही. १९४० ते १९४५ च्या चांदीच्या रुपयात चांदी अर्धीच आहे, तो चिकटत नाही. याच दशकात मुंबईची खूण ठिपक्यावरून चौकटीकडे सरकली, म्हणून षष्ठ जॉर्जच्या नाण्यांवर दोन्ही शोधावं लागतं. आणि डब्यात १९३९ चा रुपया निघालाच, तर हर्षाने कोणाला सांगायच्या आधी शेवटचा ‘९’ भिंगाखाली बघा. १९३८ चा ‘८’ कोरून ‘९’ केलेले नग बाजारात फिरतात. बाकीच्या अंकांचा आणि त्या ‘९’चा उठाव, जाडी, पोत एकसारखा हवा.

ऐरोलीत खाडी जवळ आहे, हवा दमट आणि खारी आहे, म्हणून साठवणुकीचं सांगणं भाग आहे. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये नाणी ठेवू नका. त्या प्लॅस्टिकमधला द्रव बाहेर येऊन नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो आणि तो धातूला खातो. तांब्याच्या नाण्यांवर हे पावसाळ्यात फार झपाट्याने होतं. कडक, पारदर्शक डब्या किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदलत राहा. नाणं नेहमी कडेने धरा.

बघायचं कसं, तेही सांगतो. सकाळी खिडकीजवळ बसा, डोक्यावरचा दिवा बंद करा. नाणं पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उजेड एका बाजूने अगदी तिरका येऊ द्या. मग कागद हळूहळू गोल फिरवा. सरळ उजेडात न दिसणारा ठिपका एखाद्या कोनात सावली टाकतो आणि उठून दिसतो. मोबाइलचा फ्लॅश वापरू नका, तो उठाव सपाट करून टाकतो. दहापट भिंग पुरतं. त्याहून मोठ्या भिंगात खरवड आणि खूण यांतला फरक कळेनासा होतो.

शंका उरली तर एक दिवस फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या नाणी-संग्रहालयात जाऊन या. ठाण्याहून सीएसएमटीची गाडी पकडलीत की पुढे पायी जाता येतं. मुंबईची टांकसाळही तिथून जवळच, शहीद भगतसिंग मार्गावर उभी आहे. खऱ्या नाण्यांचा उठाव एकदा डोळ्यांत बसला की बनावट ओळखणं पुष्कळ सोपं जातं.

विकायचं ठरवलंत तर आणखी एक लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचे १८६२ आणि १९१८ चे दोन्ही रुपये त्यात येतात. परदेशातला नातेवाईक किंवा अनोळखी ग्राहक “कुरिअर करा” म्हणाला तर नकार द्या.

आता तुम्ही मला एवढंच पाठवा: १८६२ च्या रुपयाच्या दोन्ही बाजू, खालचे व वरचे ठिपके वेगळे मोजून. १९१८ च्या रुपयाच्या तळच्या कमळाचा जवळून फोटो. दोन्हींचं ग्रॅममधलं वजन, दोन दशांशांपर्यंत. आणि तारा असलेल्या प्रत्येक पन्नास पैशाचं साल, सोबत तारा कोणत्या अंकाखाली आहे ते. ‘एच’चा रुपया पाठवायची गरज नाही, तो जपून ठेवा.